अर्ध्या लेखाचा दगड

हबीबमास्तर,

सहा वर्षं मी तुमच्याशी बोललो नाही. आता बोलतोय, तर तुम्हाला उलटून बोलता येत नाही. "मिस्तरी, ही तर तुमची सोय झाली," असं तुम्ही म्हटलं असतं. म्हणा. तेवढं ऐकून घ्यायला मी बसलोय.

मी मराठी दुसरी शिकलेला माणूस. पाटीवर रेघ ओढण्याआधी मला दगडावर ओढता येत होती. कागदावर माझा हात चालत नाही, टाक अडतो, ठिपके पडतात. तरी हे माझं मीच लिहितोय. कोणाकडून लिहून घेतलेलं नाही. का, ते पुढे येईल.

तुमच्या मातीला मी आलो होतो. खबर आली तेव्हा मी शहाद्याला एका देवळाच्या पायऱ्या घडवत होतो. छिन्नी तिथंच टाकली. प्रकाश्याला नावेनं तापी ओलांडली, पलीकडे नंदुरबारची मोटार मिळाली. पोचलो तोवर तुम्हाला खाली उतरवून झालं होतं. लोक मूठमूठ माती टाकत होते. मीही टाकली. तुमच्या शाळेतले मास्तर होते, मिरचीबाजारातले लोक होते, सगळे म्हणत होते, केवढा विद्वान माणूस गेला. तेवढ्यात मागून एक जण हळू म्हणाला, "विद्वान खराच, पण त्या एका दगडानं नाव घालवलं."

मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. वळून बघितलंसुद्धा नाही. टोपी सारखी केली आणि मोटारीची वाट धरली.

तुम्ही आमच्या गोमाईकाठच्या गावात पहिल्यांदा आलात, ते सायकल हातात धरून. सायकलला पत्र्याची लांब नळी बांधलेली. पोरं म्हणाली, जमीन मोजणारा आला. तुम्ही थेट मशिदीपाशी गेलात, दाराच्या वर भिंतीत बसवलेला अक्षरांचा दगड बघितलात, शिडी मागून घेतलीत आणि ओल्या ब्रशानं त्याला घासायला लागलात. दगडाला कोणी असा हात लावलेला मला खपत नाही. मी खालून ओरडलो, "ओ पाव्हना! बुरूशखाल दगड मरी जाई!"

तुम्ही वळलासुद्धा नाहीत. शिडीवरूनच म्हणालात, "मरेल दगडले जितं करी ऱ्हायनू, मिस्तरी."

कोट घातलेला, चष्मा लावलेला माणूस आमच्या बोलीत बोलतो म्हटल्यावर मी शिडी धरायला पुढं झालो. मग कळलं, तुम्ही नंदुरबारच्या मण्याराचे चिरंजीव. बाप आठवड्याच्या बाजारांना बांगड्या भरत हिंडायचा, शहादा, तळोदा, खांडबारा. तुम्ही एका म्हाताऱ्या मौलवीजवळ फारसी शिकलात, शाळेत मास्तर झालात, आणि बापाच्याच वाटांवर सुट्टी-सुट्टीला कागद घेऊन हिंडायला लागलात. जुने मुसलमान राजे या मुलखात कुठून कुठं गेले, काय बांधून गेले, ते दगडांवरून वाचायचं, हा तुमचा धंदा. धंदा कसला, वेडच.

त्या दिवशी मी तुमचं काम पहिल्यांदा बघितलं. पत्र्याच्या नळीतला पातळ कागद ओला करून दगडावर चिकटवला. ब्रशानं ठोकून ठोकून अक्षरांमधल्या खाचांत बसवला. वाळत आला तशी शाईची गादी वरून हलकी हलकी थोपटली. अक्षरं उठावाची, ती काळी झाली. मधली जमीन पांढरी राहिली. मी मनात म्हटलं, या माणसाला हात आहे. असं मी फार कमी लोकांना म्हटलंय.

कागद उतरवून तुम्ही खाली बसलात आणि मोठ्यानं वाचलंत. बऱ्हाणपूरच्या राजाचं नाव होतं. त्याच्या हुकमानं अमुक सरदारानं हे बांधलं, एवढं त्यावर होतं.

"काय बांधलं?" मी विचारलं.

"ते नाही. ओळ इथं संपते." तुमची लिपी उजवीकडून डावीकडे चालते. तुम्ही शिडीवर चढून दगडाच्या डाव्या कडेवर बोट फिरवलंत.

मग तुम्ही विचारलंत. साधंच विचारलंत, मिस्तरीला विचारावं तसं. "मिस्तरी, हा दगड या भिंतीतला मूळचाच, का मागून बसवलाय?"

मी म्हटलं, "मूळचा."

एक शब्द.

आता खरं सांगतो. संवत छपन्नच्या दुष्काळात, म्हणजे पंचेचाळीस वर्षांमागं, मी विशीतला होतो. गावापासून कोसभर वर, शेतांच्या मधे, एक जुनी मोठी विहीर होती, पायऱ्यांची. त्या साली ती आटली, काठ ढासळला. गावात मशिदीची एक भिंत पडली होती. गावानं ठरवलं, विहीर मेलीच आहे, निदान तिचे घडीव दगड मशिदीला लागू द्या. काम माझ्या बापाला मिळालं, मजुरी ज्वारीच्या मापानं. त्या विहिरीच्या दारावर अक्षरांचा हा दगड होता. वाचणारा कोणी नव्हता, पण तेव्हाचे मुल्लाजी म्हणाले, अक्षरं आहेत, पाय पडायला नको, दाराच्या वर बसवा.

गाडीवरून उतरवताना दोर माझ्या हातात होता. बैल उपाशी होते, एक गुडघ्यावर बसला. गाडी कलली. दगड माझ्या पायाकडे घसरला आणि मी दोर सोडला. पाय वाचला. दगडाची डावी बाजू हातभर तुटली.

बापानं मला मारलं नाही. त्यानं इकडे तिकडे बघितलं, छिन्नी घेतली आणि दुपार टळायच्या आत ती तुटकी कड सरळ तासून टाकली. दगड तेवढाच होता असं वाटावं इतकी सरळ. तुटलेला तुकडा गोणपाटात गुंडाळून घरी आणला आणि आमच्या ओट्यात बसवला, अक्षरं खाली, मातीकडे. मला म्हणाला, "पाथरवटना पोऱ्याना हातथून दगड फुटना, हाई गावले समजनं ते आपले काम कोन दी?" त्या साली काम म्हणजे भाकर होती. त्या माणसाला मी आजही दोष देणार नाही. माझी गोष्ट वेगळी. तुम्ही विचारलंत तेव्हा दुष्काळ नव्हता. माझं पोट भरलेलं होतं. बाप मेला होता, विहिरीचे दगड आणलेले आठवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं, आणि पंचक्रोशीत मी बापापेक्षा मोठा मिस्तरी झालो होतो. मोठ्या मिस्तरीच्या हातून दगड फुटलेला नसतो.

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. तो तसा कोणी ठेवला नव्हता. सुट्टी लागली की तुम्ही यायचात, आणि आपण दोघं पडक्या कबरी, ओसाड वेशी बघत हिंडायचो. कोणत्या दगडावर एका कारागिराच्या टाकीचे घाव, कोणत्यावर दोघांच्या, ते मी तुम्हाला दाखवलं. घाण्यात दळलेला चुना कसा ओळखायचा ते दाखवलं. तुम्ही वहीत लिहून घ्यायचात. भांडायचातही. तुमचं म्हणणं, राजाचं नाव सापडलं की काम झालं. माझं म्हणणं, राजानं काय स्वतः गारा कालवला का? तुम्ही हसून म्हणायचात, "मिस्तरी, तुमच्या पुढं बादशहा बी मजूर."

मग तुमचं पुस्तक आलं. तुम्ही ते माझ्या ओट्यावर बसून उघडलंत. उर्दूत छापलेलं. एका पानाच्या तळाशी बोट ठेवलंत आणि वाचून दाखवलंत: दगड मूळ भिंतीतलाच असल्याचं गावचे अनुभवी पाथरवट भिका मिस्तरी सांगतात. "हाई तुम्हनं नाव." मी त्या अक्षरांवर अंगठा फिरवला. सपाट होती. माझ्या नावाला कागदावर उठाव नव्हता, पण माझी छाती उठली, खोटं का बोलू. तुमच्या बुडाखाली वीतभर मातीच्या आत दुसरा अर्धा लेख पालथा पडला होता, आणि मी तुम्हाला चहा देत होतो.

त्या पुस्तकात तुम्ही एक मोठी गोष्ट मांडली होती. ती मला तुम्ही दहादा समजावलीत. बऱ्हाणपुराहून सुरतेकडे जाणारा जुना राजरस्ता आमच्या गावावरून गेला होता. का, तर राजाच्या सरदारानं इथं मशीद बांधली, आणि असे लोक रस्त्यावरच बांधायचे. लोक म्हणायचे, नदीचं एवढं वळण आड असताना रस्ता इथं कशाला येईल? तुम्ही म्हणायचात, दगड सांगतो. मला मशीद माहीत होती आणि विहीरही माहीत होती. रस्ता कोसभर वरून गेला असेल तर ते वळण आड येत नाही, एवढं तर बैलालाही कळेल. मी मान डोलवत बसलो.

मग बाहेरून ते मोठे विद्वान आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. शिडी लावली, दगड बघितला, माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी छापलं की दगडाची डावी कड अलीकडच्या छिन्नीची आहे. जो मजकूर मास्तरांच्या रस्त्याला सोयीचा नव्हता तो मास्तरांनीच तासून टाकला असावा. मास्तर, तो माणूस दगड बरोबर वाचून गेला होता. चुकला फक्त हातापाशी.

त्यानंतर तुम्ही आलात. दुपारची वेळ. सायकल भिंतीला लावली नाहीत, आडवी टाकलीत. ओट्यावर बसलात. माझ्या बायकोनं, गंगेनं, चहाचं विचारलं. तुम्ही हातानंच नको म्हणालात.

"भिकाबा," तुम्ही म्हणालात. मिस्तरी नाही म्हणालात. "ती कड कोनी तासी?"

"माले काय माहीत?"

"त्या म्हणतस मी तासी." तुम्ही दोन्ही हात माझ्यापुढं धरलेत. खडूनं सुकलेली बोटं, एकाही तळव्याला घट्टा नाही. "ह्या हातेसनी?"

गंगा दारात उभी होती. तिला माहीत होतं. दर सणाला ती तो ओटा सारवायची. ती माझ्याकडे बघत होती, तुमच्याकडे नाही.

मी सांगू शकत होतो. तुम्ही उठा म्हणायचं, पहार मारायची, झालं. त्याऐवजी मला राग आला. खोट्या माणसाला फार लवकर राग येतो. मेलेल्या बापाची साक्ष काढून मी म्हटलं, "मन्हा बापनी बी तो दगड तठेच दखेल शे. मन्हा शबूद खोटा वाटस ते दुसरा मिस्तरी दखा!"

तुम्ही उठलात. चष्मा पुसलात. "तुमचा शब्द खरा धरला म्हणून तर इथवर आलो," एवढं बोललात, आणि तेही आमच्या बोलीत नाही, शाळेतल्या मराठीत. मला ते शिवीपेक्षा लागलं. सायकल उचललीत आणि गेलात.

गंगा म्हणाली, "आते तरी मांगे जा."

मी गेलो नाही.

त्यानंतर तुमचं दुसरं पुस्तक कोणी छापलं नाही, हे मला शहाद्याच्या बाजारात कळलं. विद्वानांच्या सभेला बोलावणं बंद झालं, तेही कळलं. तुम्ही शाळेत शिकवत राहिलात. पुढं सुट्टी लागली की मी उगाच रस्त्याकडे तोंड करून काम करायचो. येतील, पुन्हा विचारतील, आता विचारलं तर सांगून टाकू, असं मनाला सांगायचो. हेही पुरतं खरं नाही. पहिली दोन वर्षं मी घाबरलो होतो. नंतरची चार मी तुमच्यावर रुसलो होतो. मी तुमचं नाव घालवलं आणि तुम्ही माझी मनधरणी करायला येत नाही म्हणून मी रुसलो! हे लिहिताना हात थांबला होता. पण लिहिलंय.

तुमच्या मातीहून परत आलो, तर गंगेनं पाय धुवायला पाणी दिलं नाही. म्हणाली, "तो मरी गया. आते कोनापाईन दपाडी ऱ्हायनात?" कोणापासून लपवताय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेतली. शेजारपाजार गोळा झाला. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याला ओट्याखाली धन सापडलं. चौथ्या घावाला कोपरा निघाला. पंचेचाळीस वर्षांची माती खरवडली, पाणी ओतलं, अक्षरं वर आली. शेंदरी मातीत माखलेली, पण एकही झिजलं नव्हतं. आणि मी बघत उभा. दुसरी शिकलेला. तो वाचायला गावात कोणी नव्हतं. शहाद्यातही कोणी नव्हतं. मला एकच माणूस माहीत होता.

मग तुमच्या लेकीची आठवण झाली. सकीना. मुलींच्या शाळेत उर्दू शिकवते, फारसी तुम्हीच शिकवलीत. तुकडा गोणपाटात घालून गाडीत ठेवला, नावेत स्वतः मांडीवर धरला.

तिनं दार उघडलं. मी गोणपाट सोडलं. ती खाली बसली. उजवीकडून डावीकडे बोट सरकत गेलं. दोनदा वाचलं तिनं. मग मराठीत सांगितलं: मोठ्या रस्त्यानं जाणाऱ्या मुसाफिरांच्या तहानेसाठी ही विहीर.

"अब्बांचा रस्ता खरा होता," ती म्हणाली.

"व्हता. कोसभर वर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अक्षरं माहीत नव्हती. विहीर माहीत होती."

तिनं मला पाणी विचारलं नाही. मी सगळं सांगितलं, दोर सोडला तिथून. मी म्हटलं, "बेटी, हे तू लिही, त्या विद्वानांना पाठव, मी अंगठा देतो."

"मी?" ती म्हणाली. "मी लिहिलं तर म्हणतील, बापानं दगड तासला, आता लेकीनं घडवला. तुम्ही लिहा. तुमच्या हातानं."

"मी दुसरी शिकलोय."

"पुष्कळ झालं. खोटं सांगायला तुम्हाला एक शब्द पुरला होता."

मास्तर, तुमची लेक तुमच्यापेक्षा कडक आहे. म्हणून हे मी लिहितोय. ती हे जसंच्या तसं छापायला देणार आहे. ज्यांनी हबीबमास्तरांना खोटं म्हटलं, त्यांनी वाचावं: मी भिका, जातीनं आणि धंद्यानं पाथरवट, शुद्धीवर असून लिहून देतो. दगड विहिरीचा होता. तो माझ्या हातून फुटला. कड माझ्या बापानं तासली. मास्तरांनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं, दोनदा. त्या कडेला मास्तरांचा हात कधी लागला नाही, बोट लागलं, तेही वाचण्यापुरतं.

त्या भेटीनंतर पाच दिवसांनी सकीना गावात आली, तुमचा ब्रश आणि कागद घेऊन. तिनं आधी तुकड्याचा ठसा घेतला, उन्हात, सगळ्यांसमोर. मशिदीतले लोक जरा अडले. एक जण म्हणाला, म्हणजे आमच्या मशिदीवर विहिरीची पाटी होती, असं जगाला सांगायचं? तेव्हा बांग देणारे म्हातारे करीमचाचा नमाजाआधी हातपाय धुवायच्या हौदाकडे बोट दाखवून म्हणाले, "मंग काय व्हयनं? वजूनं पानी बी विहिरीनंच शे ना!" लोक हसले. शिडी लागली.

मी भिंत थोडी उकरली, मोठ्या दगडाच्या डाव्या अंगाला तुकड्यापुरती जागा केली, तुकडा बसवला. दोन्ही नीट जुळत नाहीत. बापानं कड तासली त्यात चार बोटांचा भाग उडाला. त्यावर कोणती अक्षरं होती, ते कोणालाही कळणार नाही, सकीनाही म्हणाली, अंदाज करणार नाही. मी शिडीवरून सांगितलं, त्याच रंगाची चीप घडवून मधे बसवतो, वरून चुन्याचा हात फिरवतो, सुईसुद्धा जाणार नाही. कधी फुटला होता असं वाटणार नाही. पन्नास वर्षं मी हेच केलंय, मास्तर. उघडा सांधा म्हणजे मिस्तरीला शिवी.

"नको," ती खालून म्हणाली. "तसाच राहू द्या. दिसला पाहिजे."

छिन्नी माझ्या हातात होती. खाली सगळे वर बघत होते. मग छिन्नी कमरेला खोवली आणि उतरलो.

चार बोटांची फट आहे. आता जो येईल त्याला खालून दिसते.